खोटा दाणा, अकरा ब्लँकेटं

आयुष्यात काय केलंत असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, अकरा वर्षं बसमध्ये डिझेल भरलं. कॅनडात, रेजिना शहरातल्या आमच्या मराठी मंडळींत हे वाक्य टाकलं की क्षणभर सगळे आपापल्या ताटाकडे बघतात. बाकीचे युनिव्हर्सिटीत, सरकारी कचेरीत, नाहीतर कॉम्प्युटरवाले. त्यांच्यात ही केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली बाई स्कूलबसच्या यार्डात पंपावर! अविनाश, म्हणजे माझा नवरा, सुरुवातीला लोकांना सांगायचा, "सुनंदा फ्युएल मॅनेजमेंटमध्ये आहे." मी शेजारून दुरुस्ती करायची, "पंपावर आहे."

त्याआधीची बारा वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. कॅनडात त्या अनुभवाला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. 'कॅनेडियन एक्सपिरियन्स नाही' हे सहा ठिकाणी ऐकून घेतल्यावर मी बस कंपनीची जाहिरात बघून यार्डात गेले. तिथला फोरमन गॉर्ड साठीकडे झुकलेला, पोट सुटलेला आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, "थंडीत बाहेर उभी राहशील?" मी हो म्हटलं. जून महिना होता, म्हणून म्हटलं.

यार्डात छत्तीस पिवळ्या बसेस होत्या. आजूबाजूच्या शेतवस्त्यांवरून मुलं गोळा करून शाळेत सोडायची आणि दुपारी परत घरी पोचवायची, हे त्यांचं काम. सुनंदाचं आठवड्याभरात 'सू' झालं, आणि कामाच्या जागी सगळे मला फ्युएल लेडी म्हणू लागले.

आता थोडं धंद्याचं सांगते. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण असतं. पारा फार उतरला की ते बारीक कणांनी बाहेर पडतं. आधी डिझेल दुधट दिसतं, मग ते कण फिल्टरवर जाऊन बसतात, फिल्टर तुंबतो आणि इंजिन उपाशी मरतं. यात कपटी गोष्ट अशी की सकाळी बस व्यवस्थित सुरू होते. नळीत आणि फिल्टरात जेवढं चांगलं डिझेल असतं तेवढ्यावर ती ऐटीत यार्डाबाहेर पडते, आणि मग मुलं भरल्यावर कुठल्यातरी उघड्या माळावर मान टाकते. म्हणून हिवाळ्यात इथे मुद्दाम पातळ केलेलं डिझेल येतं. रात्रभर बसेस खांबावरच्या प्लगला लावून ठेवतात, पण त्या विजेने इंजिन गरम राहतं, टाकी नाही. टाकीतल्या इंधनाची काळजी फ्युएल लेडीने वाहायची.

मी तिथे रुळले होते तेव्हा वॉल्टर आला. शहरापासून तासाभरावर त्याची कनोलाची शेती. कनोला म्हणजे मोहरीसारखं पीक, आपण इकडे फोडणीला वापरतो ते तेल त्याच्याच बियांचं. एका वर्षी लवकर हिमकडाका पडून त्याचं बी हिरवं राहिलं आणि व्यापाऱ्याने घ्यायला नकार दिला. रडत बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने गोठ्याच्या शेडमध्ये घाणा बसवला, बियांचं तेल काढलं आणि त्याचं बायोडिझेल बनवायला लागला. गॉर्ड आणि तो हिवाळ्यात एकाच संघातून कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ, खेळायचे. त्या ओळखीवर कंपनी चाचणीला तयार झाली: छत्तीसपैकी बारा बसेस, त्यांच्यासाठी वेगळी छोटी टाकी, उन्हाळ्यात शंभर लिटरमागे वीस लिटर वॉल्टरचं तेल आणि हिवाळ्यात फक्त पाच. हिवाळ्यात पाचच, कारण बायोडिझेल शून्याच्या आसपासच गढुळायला लागतं. इथे उणे तीस म्हणजे लोक "आज बरं आहे" म्हणतात.

गॉर्डने मला विचारलं, "हे जमेल?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "गॉर्ड, मी केमिस्ट आहे." वॉल्टरने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. त्याच्या शेडमध्ये त्याची सगळी पुंजी होती हे मला माहीत होतं.

डिसेंबर उत्तम गेला. जानेवारीतल्या एका दुपारी छोट्या टाकीत वॉल्टरचं तेल घालायची वेळ आली. टाकी उघड्यावर, आतलं डिझेल बाहेरच्या हवेइतकंच गारठलेलं. तेलाचे ड्रम मात्र यार्डातल्या शेडमध्ये उबेला. माझ्यातली गृहिणी जागी झाली. नुसतं घालण्यापेक्षा चांगलं कडकडीत करून घातलं तर पटकन मिसळेल, असा साधा विचार. मी ड्रमला हीटरचा पट्टा गुंडाळला, तेल हाताला चटका बसेल इतकं तापवलं, आणि डाळीवर फोडणी ओतावी तसं त्या गारढोण टाकीत ओतलं. वर स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे चौतीस होतं. पावणेआठला रेडिओवर बेवचा आवाज आला. बेव सतरा नंबरची बस चालवायची. पन्नाशीची, शेतावर वाढलेली, सिगरेटने आवाज खरखरीत झालेली बाई. ती कधी घाबरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"सू, शी'ज डाइंग ऑन मी. बस बंद पडतेय. मी ओढ्यावरच्या मोरीपाशी आहे, कच्च्या रस्त्यावर. अकरा मुलं आहेत आत."

त्यानंतर पस्तीस मिनिटं गेली. माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब पस्तीस मिनिटं. गॉर्ड स्वतः ट्रक घेऊन धावला, जवळच्या शेतावरचा एक माणूसही गाडी घेऊन आला, आणि मुलं उबेत पोचली. सगळी धडधाकट होती. फक्त पहिलीतल्या एका मुलीचा हातमोजा कुठेतरी पडला होता आणि तिची बोटं पांढरी पडली होती. बेवने तो हात स्वतःच्या काखेत धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण ती बोटं बेवने बघितली होती, आणि परत आल्यावर तिचा चेहरा मी बघितला.

त्याच सकाळी चाचणीतली आणखी एक बस बंद पडली, पण ती रिकामी होती आणि फाटकापाशीच थांबली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत यार्डाचा निकाल लागला होता: वॉल्टरचं तेल. "बसमध्ये कुकिंग ऑइल घातल्यावर दुसरं काय होणार?" असं एक ड्रायव्हर म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी सतरा नंबरचा फिल्टर कापून उघडला. आत पांढरट लोण्यासारखा थर होता. दुसऱ्या दिवशी मी घरून स्वयंपाकघराच्या खणातली एक काचेची पट्टी आणि माझ्या मुलीचं भिंग घेऊन आले. ही पट्टी कुठली, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साखर कारखान्यात उसाचा रस आटवून ज्या मोठ्या बंद भांड्यात साखरेचा दाणा पाडतात, त्याला पॅन म्हणतात. पॅन सांभाळणारा तो पॅनमन. आमचे बापूमामा पॅनमन होते, चौथी शिकलेले, आणि साखरेतलं त्यांच्याइतकं कळणारा इंजिनिअर मी पाहिला नाही. ते पॅनमधून थोडा नमुना काढत, काचेच्या पट्टीवर पसरत आणि दिव्यासमोर धरत. दाणा एकसारखा, धारदार दिसला की काम फत्ते. पण पॅनला कुठे अचानक गारवा लागला, तर भलताच दाणा पडतो, पिठासारखा बारीक. त्याला साहेब लोक फॉल्स ग्रेन म्हणत, बापूमामा म्हणत खोटा दाणा. खोटा दाणा पुढे मशीनच्या जाळीत बसतो, जाळी तुंबते आणि आख्खा पॅन वाया जातो.

पट्टी बघून झाली की बापूमामा ती पाळीवरच्या केमिस्टच्या हातात देत आणि म्हणत, "सांगा." केमिस्टने बघून "सोडा" म्हटलं की पॅन सोडायचा. ही तिथली रीत. माझ्या पाळीला मात्र ते पट्टी शेजारच्या फिटरला दाखवत, स्टोअरकीपरला दाखवत, एकदा तर चहावाल्याला दाखवली. मला बारा वर्षांत एकदाही नाही. बाईमाणसाने पॅनवर निकाल द्यायचा हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, त्यांच्या खांद्यावरून बघून सगळं शिकले. नोकरी सोडली त्या दिवशी ते लॅबमध्ये आले आणि फडक्यात गुंडाळलेली ती पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "तिकडं तुला बघून सांगणारं कोन न्हाई, बाई. तुझं तूच बघ." मला राग आला की रडू, ते अजूनही सांगता येत नाही.

तर यार्डात मी ती पट्टी बाहेरच्या थंडीत ठेवून चांगली गार केली, फिल्टरमधला थर तिच्यावर पसरला आणि भिंगातून बघितलं. हळूहळू गारठून बाहेर पडलेलं मेण असतं तर चपटे, मोठे कण दिसले असते. हे पीठ होतं. एकसारखं, बारीक पीठ. मी ते ओळखलं. कडकडीत तेल उणे तीसच्या डिझेलमध्ये पडलं तेव्हा मिसळायच्या आतच त्याला झटका बसला होता. खोटा दाणा पडला होता, तळाशी जाऊन बसला होता, आणि तळातलं ते इंधन सतरा नंबरमध्ये आणि त्या दुसऱ्या बसमध्ये गेलं होतं. वॉल्टरच्या तेलात काही खोट नव्हती. बारा वर्षं जिने खांद्यावरून बघत दुसऱ्यांचा खोटा दाणा ओळखला, तिनेच हा पाडला होता.

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. तीन दिवस मी तोंडातून अक्षर काढलं नाही. नोकरी जाईल, ही भीती. पुन्हा सहा ठिकाणी 'एक्सपिरियन्स नाही' ऐकायची भीती. घरी अविनाशलाही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी वॉल्टर त्याचे ड्रम परत न्यायला आला. टोपी हातात धरून गॉर्डच्या ऑफिसात उभा राहिला आणि म्हणाला, "माझीच चूक असणार. बी फारच हिरवं होतं. त्या मुलीच्या घरी मी जाऊन आलो, माफी मागितली."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी आत गेले आणि सगळं सांगून टाकलं. इंग्रजी तुटत होतं, पण सांगितलं.

गॉर्डने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तीन दिवस तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"नोकरी जाईल म्हणून."

कोपऱ्यात कॉफी मशीनपाशी बेव उभी होती. तिने कप तसाच ठेवला आणि बाहेर गेली. वॉल्टर मात्र माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे माझं तेल चांगलं आहे?" मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

गॉर्डने निकाल दिला. "या हिवाळ्यात आता ते तेल बंद. पुढचा एक हिवाळा देतो. बारा बसेसपैकी एक जरी इंधनामुळे रस्त्यात थांबली, एक जरी मूल थंडीत उभं राहिलं, तर चाचणी संपली. वॉल्टरचे ड्रम परत जातील, आणि तू पण. ओके?"

"ओके," मी म्हटलं. वॉल्टरही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेवने घरून अकरा ब्लँकेटं आणली. जुनी, जाड, लोकरी, शेतावरच्या घरातली. सतरा नंबरच्या मागच्या सीटवर ती रचून ठेवली. डिझेल भरायला मी मागच्या बाजूला उभी राहिले की काचेतून बरोब्बर ती दिसायची. मी एकदा माफी मागायला गेले, तर तिने "मॉर्निंग" एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं. एरवी सू, सू करून कान किटवणाऱ्या बाईने नंतर मला नावाने हाक मारणंच सोडलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

उन्हाळाभर मी त्या तेलाची वेगवेगळ्या तऱ्हेने मिसळणी करून बघितली. घरचा फ्रीझर त्यासाठी राबवला. मटाराच्या पिशव्यांशेजारी, डिझेलचे नमुने भरलेल्या माझ्या लोणच्याच्या बाटल्या. मुलगी म्हणायची, "आई, धिस इज सो ग्रोस." शेवटी जे सापडलं ते बापूमामांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं: घाई करायची नाही आणि झटका द्यायचा नाही. वॉल्टरचं तेल उबेतच ठेवायचं, पण तापवायचं नाही. हिवाळी डिझेलही आधी शेडमध्ये आणून उबेला ठेवायचं. मग दोन्ही निम्म्याला निम्मं मिसळायचं आणि पंपाने तासभर फिरवत ठेवायचं. ते मिश्रण मग टाकीत हळूहळू, टाकीतलं डिझेलही फिरतं ठेवून सोडायचं. एवढंच. विरजण लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळलं असतं, पण मी त्या दिवशी फोडणीच्या तंद्रीत होते.

आणखी एक नियम मी स्वतःसाठी केला. काचेची पट्टी खिळ्याला बांधून कायम बाहेर थंडीत ठेवायची. कुठलंही इंधन टाकीत जाण्याआधी त्याचा एक थेंब त्या गारठलेल्या काचेवर टाकायचा आणि साठ आकडे मोजायचे. थेंब नितळ राहिला तर ठीक. दुधट झाला तर नाही. ड्रायव्हर लोक हसायचे, "फ्युएल लेडी भविष्य बघतेय." हसा म्हटलं.

ऑक्टोबरात पहिलं मिश्रण करायचं होतं. आमच्या कारखान्यात गळीत हंगामाच्या सुरुवातीला उसाच्या मोळीची पूजा होते, तिच्याशिवाय कुणी ऊस टाकायच्या गव्हाणीला हात लावत नाही. मला काही चैन पडेना. चायनीज दुकानातून नारळ आणला, वॉल्टरने मूठभर कनोलाचं बी आणलं, आणि टाकीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मी नारळ फोडला. गॉर्डने विचारलं, "हे मॅन्युअलमध्ये आहे?" मी म्हटलं, "आमच्या मॅन्युअलमध्ये आहे." त्याने टोपी काढली आणि खोबऱ्याचा तुकडाही खाल्ला. बेव लांबून बघत होती. जवळ आली नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बारा बसेस धावत होत्या. वॉल्टर दर सोमवारी फोन करायचा आणि फक्त विचारायचा, "स्टिल रनिंग?" मी म्हणायचे, "स्टिल रनिंग." की फोन बंद.

मग फेब्रुवारी आला. रेडिओवर इशारा होता की उद्या सकाळी उणे एकेचाळीस, वर वारा. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या नेहमीच्या पुरवठादाराचा टँकर आला. साधं डिझेल, दोन्ही टाक्या भरायला. यात वॉल्टरच्या तेलाचा थेंबही नव्हता, त्यामुळे तपासायचं काही कारणही नव्हतं. पण नियम तो नियम. मी नळीतून थेंब घेतला, पट्टीवर टाकला, मोजायला लागले. वीसपर्यंतही पोचले नाही. थेंब दुधासारखा पांढरा झाला.

मी नळी बंद करायला सांगितली. टँकरवाला चिडला. "लेडी, कागदावर लिहिलंय, उणे पंचेचाळीसपर्यंत चालतं."

"कागद बसमध्ये घालायचा नाहीये," मी म्हटलं.

गॉर्ड बाहेर आला. टँकरवाल्याने त्याला सांगितलं, "हिच्या काचेला ते भाजीचं तेल लागलंय, त्याने होतंय. ही नेहमी तेच ढवळत असते ना."

बोलणं बिनतोड होतं. जमलेल्या दोन-तीन ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. त्यांच्यात बेवही होती. माझ्या काचेवर कोण विश्वास ठेवणार? मागच्या वर्षी याच हातांनी अकरा मुलं माळावर उभी केली होती. टँकर परत पाठवला तर टाक्यांत फक्त उद्या सकाळपुरतं डिझेल होतं. मुलं शाळेत पोचली असती, पण दुपारी त्यांना घरी कोण आणणार? मी चुकले असते तर संपलंच होतं, माझंही आणि वॉल्टरचंही. गॉर्ड माझ्याकडे बघत होता.

माझं लक्ष टँकरच्या बाजूच्या आरशाकडे गेलं. तोही दिवसभर थंडीत गारठलेला. मी टँकरवाल्याला म्हटलं, "ठीक आहे. माझी काच वाईट. तुझा आरसा?" स्वच्छ फडक्याने आरशाचा एक कोपरा पुसला, चाचणीच्या छोट्या टाकीतला, वॉल्टरचं तेल मिसळलेला, एक थेंब डावीकडे लावला आणि त्याच्या टँकरमधला उजवीकडे. दोन्ही आरशावरून ओघळत खाली निघाले. आम्ही सगळे आकाशकंदील बघावा तसे माना वर करून उभे.

उजवा ओघळ अर्ध्या वाटेतच थबकला आणि पांढरा झाला. डावा नितळ, खालपर्यंत उतरला.

मग गॉर्ड पोट धरून हसायला लागला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "टेक इट बॅक," तो टँकरवाल्याला म्हणाला, "आणि जाताना आरसा पुसून घे, रस्ता दिसायचा नाही." मग तो आत जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरीकडून डिझेल मिळवायला फोनवर बसला.

सकाळी सहाला मी यार्डात पोचले. श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे, इतकी थंडी. छत्तीस बसेस सुरू होऊन धूर सोडत रांगेत उभ्या होत्या, ड्रायव्हर आत बसलेले, आणि कुणी निघत नव्हतं. धुरातून गॉर्ड माझ्याकडे चालत आला. त्याच्या जाड हातमोज्यात माझी काचेची पट्टी होती. तिच्यावर दोन्ही टाक्यांतले दोन थेंब, त्याने स्वतः टाकलेले. त्याने पट्टी माझ्या हातात दिली.

"यू कॉल इट, सू," तो म्हणाला. म्हणजे, तू सांग.

मी पट्टी यार्डाच्या दिव्यासमोर धरली. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं, त्यामुळे नीट दिसायला वेळ लागला. साठपर्यंत मोजलं. दोन्ही थेंब पाण्यासारखे नितळ. बापूमामा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्याच दिवशी पत्र टाकलं असतं.

"सोडा," मी म्हटलं. तोंडातून मराठीच बाहेर पडलं. गॉर्डला शब्द कळला नाही, पण त्याने हात वर केला आणि बसेस निघाल्या. छत्तीसच्या छत्तीस.

सव्वाआठला दुसऱ्या एका यार्डातून फोन आला. तो टँकर आमच्याकडून निघून थेट तिकडे गेला होता. त्यांच्या बसेस एकामागून एक रस्त्यात थांबत होत्या. नशिबाने बऱ्याचशा मुलं घेण्याआधीच. आमच्या ज्या बसेस शाळेत मुलं सोडून मोकळ्या झाल्या, त्या गॉर्डने तशाच त्यांच्या मार्गांवर पाठवल्या. वॉल्टरच्या तेलावरच्या बाराही गेल्या. सतरा नंबर दोन फेऱ्या करून आली. वाटेत त्याच मोरीपाशी बेवने रेडिओ उचलला आणि कुणाला उद्देशून नाही अशा थाटात म्हणाली, "आय'म ॲट द कल्व्हर्ट. स्टिल रनिंग." सोमवार नव्हता, तरी मी वॉल्टरला फोन केला. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. दुपारी गॉर्डने मिळवलेलं डिझेलही वेळेत आलं आणि मुलं घरी पोचली. पुढच्या हिवाळ्यापासून छत्तीसही बसेस त्याच्या तेलावर धावू लागल्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत इंधनामुळे एकही थांबली नाही.

पण ते नंतर. त्या सकाळच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर माझ्या खुर्चीवर अकरा ब्लँकेटं होती, व्यवस्थित घड्या घालून. दारात बेव उभी होती, कॉफीचा कप हातात घेऊन.

"मागची सीट अडते," ती म्हणाली. "पोरांना बसायला जागा नको?" जाताजाता वळली आणि म्हणाली, "तूच धू ती, सू. सगळ्यांना डिझेलचा वास येतोय."

वर्षभरानंतर तिने मला नावाने हाक मारली होती. मी दार लावून घेतलं आणि त्या ढिगावर डोकं टेकून मनसोक्त रडले.

शनिवारी आमच्याकडे मंडळाची बैठक होती. बेसमेंटमध्ये खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर, व्यायामाच्या सायकलवर, जिथे जागा मिळेल तिथे लोकरी ब्लँकेटं वाळत घातलेली. पुण्याहून नव्याने आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अय्या, एवढी ब्लँकेटं कशाला?"

अविनाश ताटं मांडत होता. तो मान वर करून म्हणाला, "आमची सुनंदा पंपावर आहे ना, तिला मिळालीत."

या वेळी मला दुरुस्ती करावी लागली नाही.